बूड ज्याचं, फळ त्याचं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मूळ गावी एका लग्नाला गेलो होतो. गडमुडशिंगीच्या पुढे, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं गाव आहे. मांडवात गर्दी होती आणि मला खुर्ची मिळेना. वाटेत एक पस्तिशीचा माणूस उभा होता. मी म्हणालो, "पावणं, जरा सरका की."

तो सरकला. कुठून तरी खुर्ची ओढून आणली आणि हसत म्हणाला, "पावणा न्हवं आजोबा. मी हितलाच हाय, गावचाच."

"कुणाचा रं?"

त्यानं सांगायच्या आत मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कलिंगडचोराचा नातू त्यो! पिशवी सांभाळा, आजोबा!"

आजूबाजूची माणसं हसली. तोही हसला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण लहानपणापासून ऐकून ऐकून त्याला ते आपल्या आडनावासारखं झालं असावं.

मी पानावरून लवकर उठलो. त्याच्या आजोबांनी चोरी केली नव्हती, हे मला माहीत होतं. तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे. पण ही गोष्ट सांगायला लागलो की माझाच गोंधळ उडतो. चोरी झाली नाही, हे पक्कं. पण मग ते फळ कुणाचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. अर्धवट माहिती सांगून काय करायचं, अशी स्वतःची समजूत घालत मी इतकी वर्षं काढली. त्या लग्नानंतर ती समजूत पटेनाशी झाली.

देश स्वतंत्र होऊन थोडा काळ लोटला होता. कोल्हापूर संस्थान विलीन होण्याच्या आगेमागेची ही गोष्ट. आधीची की नंतरची, हे मला नक्की आठवत नाही. मी तेव्हा विशीत होतो, शाळा संपवून घरच्या कामाला लागलो होतो.

पावसाळा सरला की नदी आटत जायची आणि आमच्या बाजूला वाळूचा मोठा पट्टा उघडा पडायचा. तिथं गाव कलिंगडं लावायचं. वाळूत ओल लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात मेंढरांच्या लेंड्या आणि नदीचा गाळ भरायचा. बी ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवायचं आणि मोड आला की लावायचं. वेल पसरायला लागली की खाली उसाचं पाचट अंथरायचं, म्हणजे तापलेल्या वाळूनं फळ भाजत नाही. वेलीच्या पेरापेरावर मूठमूठ वाळू टाकायची. त्यानं वेल वाऱ्यानं उलटत नाही आणि पेराला नव्या मुळ्याही फुटतात.

बाजारासाठी लावलेल्या वेलीवर दोन-तीन फळं ठेवायचे. पण प्रत्येक घर एखादा खड्डा जत्रेसाठी राखायचं. त्या वेलीवर एकच फळ. बाकीची लहान असतानाच खुडून टाकायची, म्हणजे वेलीचं सगळं पाणी त्या एकाच फळाला मिळायचं. चैत्रात देवाची जत्रा भरली की देवळापुढं गुळाचा मोठा काटा टांगायचे. एका पारड्यात कलिंगड आणि दुसऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. ज्याचं कलिंगड सगळ्यात जड त्याला फेटा. पण फेट्यासाठी कुणी एवढी मरमर करत नव्हतं. खरा मान पुढं होता. ते कलिंगड त्या माणसानं स्वतःच्या हातानं देवापुढं कापायचं आणि घराघराला फोड द्यायची. फोडीतलं बी लोक जपून घरी न्यायचे आणि पुढच्या वर्षी सगळं गाव तेच बी लावायचं. त्या बियाला त्या माणसाचं नाव लागायचं. मेलेल्या माणसांची नावंसुद्धा बियांमुळं तोंडात राहायची. पेरताना म्हातारी माणसं म्हणायची, "हे अमक्याचं बी, जरा उशिरा फुटतंय."

आमच्या खड्ड्यांना लागून मामांचे खड्डे होते. ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. ते गाव पार दक्षिणेला, जिथं निम्मं घर कानडी बोलतं तिकडचं. मामा आमच्या गावात घरजावई म्हणून आले होते. माझ्या आईला ते अक्का म्हणत आणि दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येत. गावात येऊन त्यांना वीस वर्षं तरी झाली असतील. मुलं इथं झाली, सासरा इथं गेला, त्याला खांदा त्यांनीच दिला. तरी गाव त्यांना पावणं म्हणायचं. चावडीवर बसले की, "या पावणं, बसा पावणं." पाणी सोडायची पाळी ठरायची तेव्हा, "पावण्यांस्नी काय कळतंय आमच्या गावचं?" कुणी वाईट मनानं म्हणत नव्हतं. पण म्हणत होतं.

एकदा दोघं वाळूत बसून भाकरी खात होतो, तेव्हा ते मला म्हणाले, "भाच्या, यंदा एक खड्डा माझ्या बियाचा घातलाय. आमच्या गावचं बी. चिंचोक्यागत तांबूस."

"गावाचं काळं बी सोडून?"

"गावाचं लावून गावाचंच नाव व्हतंय की. यंदा माझं आलं जत्रंला, तर पुढच्या साली सगळी वाळू माझ्या बियाची. मग बघू कोण पावणं म्हणतंय."

ते हसत होते. पण थट्टा करत नव्हते.

मग ते वारं आलं. होळीच्या आधी की नंतर, हे आठवत नाही. दुपारी भोवरा उठावा तसं सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत घोंघावत राहिलं. सकाळी वाळूवर गेलो तर सगळ्या वेली उलट्यापालट्या होऊन पडल्या होत्या. आमची वाळू आणि मामांची वाळू यांच्यामध्ये वाळूचाच एक बांध होता. तो सपाट झाला होता. इकडच्या वेली तिकडं, तिकडच्या इकडं, एकमेकींत पिळा घातल्यासारख्या. उलट्या पानांना ऊन लागलं की ती करपतात, म्हणून वडील म्हणाले, "ऊन चढायच्या आत सरळ कर." आणि ते गुऱ्हाळावर गेले. मामांना त्या दिवशी पेठ वडगावच्या बाजारी गाडी घेऊन जायचं होतं. बैल जुंपता जुंपता ते म्हणाले, "भाच्या, माझ्याकडंबी बघ रं जरा. तुझा हात हलका हाय."

म्हणून दोन्हीकडच्या वेली मीच सोडवल्या.

इथून पुढं मला नीट आठवलं पाहिजे आणि इथंच नीट आठवत नाही. एक वेल उचलायचो, तिचं बूड शोधत मागं जायचो, मध्येच ती दुसरीत गुंतलेली असायची. पानं सारखीच आणि दोन्हीकडची फळं बाहेरून सारखीच हिरवी. बियाचा रंग काय तो आत. एका जागी दोन फळं जवळजवळ होती, दोन्ही कवठाएवढी. मला वाटलं, ही एकाच वेलीवरची दोन. आमच्या जत्रेच्या खड्ड्याची वेल असावी. एक वेल एक फळ, हे हातात इतकं मुरलं होतं की मी थांबलो नाही. लहान होतं ते खुडलं आणि नदीत फेकलं. मोठं ठेवलं, आमच्या बाजूला वळवलं आणि वेलीच्या पेरांवर वाळू चढवली. वाळू चढवल्यावर वेल कुठून येते ते दिसेनासं झालं.

त्या दोन वेली असतील तर? म्हणजे एक आमची आणि एक मामांची, शेजारी शेजारी. तसं असेल तर मी कुणाचं खुडलं आणि कुणाचं ठेवलं? डोळे मिटले की मला अजून ती वेल दिसते. कधी डावीकडून येते, कधी उजवीकडून.

संध्याकाळी मामा बाजारातून आले. माझ्यासाठी कागदात चिरमुरे आणि शेव आणली होती. आपल्या खास खड्ड्याजवळ ते बराच वेळ वाकून फिरले. मग म्हणाले, "हितं एक फळ हुतं, भाच्या. कवठाएवढं."

"वाऱ्यानं गेलं असंल, मामा."

"असंल," ते म्हणाले आणि खाली बसले. "वारंच तसलं हुतं."

मी चिरमुरे खाल्ले.

आमच्या बाजूचं ते फळ वाढायला लागलं. सुरुवातीला सगळीच फळं वाढतात, पण हे थांबेचना. आधी घागरीएवढं झालं, मग घागर त्याच्यापुढं लहान दिसायला लागली. वडील त्याच्याखालचं पाचट सारखं बदलत आणि एकीकडून पांढरं पडू नये म्हणून रोज ते बोटभर वळवत. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या उशाला काठी रोवून तिला फाटकी चप्पल टांगली होती. गाव बघायला येऊ लागलं. वाढत्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं, असं आमच्याकडं मानतात. दाखवायचंच असलं तर बोट दुमडून, पेरानं दाखवायचं. कोल्हापुरातल्या शाहूपुरीतले आमचे एक पाहुणे आले होते, कोट घातलेले. त्यांनी सरळ बोट लांब केलं, "हेच का ते?" वडिलांनी झडप घालून त्यांची मूठच धरली. "बोट वाकडं करा, पावणं! एवढं शिकलासा आन बोट वाकडं कराय येईना व्हय?" सगळे हसले. पाहुणे दिवसभर बोट दुमडूनच फिरत होते.

वडिलांना कधीच फेटा मिळाला नव्हता. आमच्या घराच्या नावाचं बी नव्हतं. त्या दिवसांत ते मला वेगळेच वाटत. झोपायच्या आधी आईला सांगायचे, आज किती वाढलं, कसं चमकतंय. मी ऐकत पडलेला असायचो. त्यांना काय सांगणार होतो?

मामाही रोज यायचे. बांध होता तिथं, आपल्या बाजूला उकिडवे बसायचे आणि फळाकडं बघत राहायचे. वडील म्हणायचे, "बघता काय, पावणं? तुमचंबी येतंय की." मामा मान हलवायचे. मला काही विचारायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "त्या दिवशी तू सगळ्या वेली बुडापातूर बघितल्यास न्हवं?"

"व्हय."

हे पहिलं खोटं म्हणायचं, की वाऱ्यावर ढकललं ते? सगळ्या नव्हत्या बघितल्या. काही बघितल्या होत्या. मला वाटतं, मी त्यातल्या बऱ्याच बघितल्या होत्या.

जत्रेला थोडेच दिवस राहिले होते. सकाळी वडील पुढं आणि मी मागून घागर घेऊन वाळूत उतरलो. मामा आमच्या फळापाशी बसलेले दिसले. त्यांचा हात वाळूत होता. फळाच्या देठापासून सुरू करून ते पेरापेरावरची वाळू हलक्या हातानं बाजूला करत, वेल उचलत मागं मागं जात होते. बांध होता तिथपर्यंत पोचले होते. ते काय करताहेत, हे मला दिसताक्षणी कळलं. ते वेल कुठून येते ते बघत होते.

वडिलांना मात्र फक्त आपल्या फळाशी हात घातलेला माणूस दिसला.

"ए! काय चाललंय? चोरी करतूस व्हय?" ते धावले आणि मामांचा खांदा धरून त्यांना मागं ओढलं. मामांच्या हातात वेल होती. ती ताणली गेली आणि तुटली. दोघंही पडले. उठताना दोघांच्या पायांनी वाळू तुडवली गेली, आणखी दोन-चार वेली तुटल्या. मामांच्या हातातल्या टोकाला पाण्याचा थेंब आला होता. त्या टोकाचं दुसरं टोक कुठलं, हे कळायचा मार्ग उरला नव्हता. आमच्या बाजूलाही तुटलेली टोकं होती, त्यांच्या बाजूलाही.

"वेल बघत हुतो," मामा म्हणाले. "बूड बघत हुतो, दाजी. आणि काय न्हाय."

"माझ्या वाळूत?"

"वाळू तुमचीच हाय की. वेल कुणाची ते बघत हुतो."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या खड्ड्यांवरचे लोक आले. कुणीतरी पाटलांना आणलं. आमच्याकडं वाळूतला नियम असा होता : बूड ज्याचं, फळ त्याचं. वेल कुणाच्याही वाळूत जावो, मूळ ज्याच्या खड्ड्यात त्याचं फळ. पण आता बूड दाखवणारी वेलच तुटली होती. पाटील वाकून टोकं जुळवून बघायला लागले. थोड्या वेळानं कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वारं झाल्यावर वेली कुणी मांडल्या?"

"पोरानं," वडील म्हणाले.

"मग त्याला ठावं असंल. सांग रं. कुणाची वेल ही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वडिलांच्या कपाळाला वाळू चिकटली होती. मामा खालीच बसलेले होते, हातात तुटकी वेल तशीच. "मला ठावं न्हाय," असं म्हणायला काय लागत होतं? पण ते म्हटलं की वेली न बघताच मांडल्या असं झालं असतं, मामांना जे सांगितलं होतं ते खोटं ठरलं असतं आणि वडिलांचं फळ संशयात गेलं असतं. हे सगळं तेव्हा एवढं सुटं सुटं सुचलं होतं का, तेही नक्की नाही. कदाचित ती वेल आमचीच, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं असेल.

"आमचीच," मी म्हणालो.

मामांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला तर वाटलं, त्यांना जरा सुटल्यासारखं झालं.

"भाचा म्हणतोय न्हवं?" ते म्हणाले. "मग तसंच असंल."

आणि लोकांनी त्याचा कबुलीजबाब केला. कुणीतरी म्हणालं, "बघा, पावण्यानं मान्य केलं. चोरायलाच आलता." तिथून ते नाव चिकटलं.

फळ देठापासून कापून घरात आणलं आणि पाचटावर ठेवलं. जत्रेत ते पारड्यात चढवलं, तेव्हा समोरच्या पारड्यात रव्यावर रवे ठेवावे लागले. दुसऱ्या कुणाचं त्याच्या जवळपासही नव्हतं. वडिलांना फेटा बांधला. त्यांनी देवापुढं सुरा घातला, कलिंगड तडकून उघडलं.

बी काळं नव्हतं.

मी अगदी जवळ उभा होतो. तांबूस, मळकट बी होतं. वडिलांनी ते पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाले, "जरा कच्चं हाय. वेल तुटली न्हवं!" आणि फोडी करायला लागले. त्यांचं खोटं नव्हतं. काळ्या बियाचं कलिंगड कोवळं कापलं तर आतलं बी तांबूसच निघतं. फळ अर्धं पिकून तुटलं होतं, हेही खरं. पण मामांचं बी पिकूनही तांबूसच असायचं. मी फोडीकडं बघत राहिलो. गर लाल होता, गोडही होता. मग बी का कच्चं? पण एवढ्या मोठ्या फळात गर आधी पिकत असेल आणि बी नंतर, असंही असेल.

गुरवानं घराघराची नावं पुकारत फोडी दिल्या. देवाची फोड नाकारत नाहीत, म्हणून मामाही पुढं आले. गुरव म्हणाला, "घ्या पावणं." मामांनी फोड खाल्ली, एक बी तळहातावर घेतलं, बोटानं उलटंपालटं केलं आणि मूठ मिटून गर्दीतून निघून गेले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ते आले. आईनं ओवाळलं. वडील तिथंच सुपारी कातरत बसले होते. आई नंतर मला म्हणाली, "तुला ठावं हुतं न्हवं रं, वेल आपलीच हुती ते?" मी "व्हय" म्हणालो. तिनं तबक उचललं आणि आत गेली.

पुढच्या हंगामात गावानं आमचं बी लावलं. मला वाटलं होतं, आता तरी कळेल. काही फळांत बी काळं निघालं आणि काहींत तांबूस. एकाच खड्ड्यातसुद्धा दोन्ही. मी वेड्यासारखी फळं फोडून बघत होतो. वडील म्हणाले, "वाळूचा गुण." शेजारी म्हणाले, भुंगे इकडची फुलं तिकडं करतात, त्यात काय कळणार? त्या बियाला आमच्या घराचं नाव पडलं. मामांनी त्या वर्षी वाळू घेतली नाही. पुन्हा कधीच घेतली नाही. दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला जायचे.

मी गाव सोडलं, शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात कारकून झालो. बाजारात मण-शेर जाऊन किलो यायला लागले होते त्या सुमाराला मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते काही दिवस माझ्या खोलीवर राहिले. दोन्ही डोळ्यांना पट्टी. मी त्यांना जेवू घालायचो. एका दुपारी भात कालवता कालवता मी विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही वेल बघाय गेलता न्हवं?"

"बघायच गेलतो. घ्याय न्हाय."

"ती तुमची हाय असं वाटत हुतं?"

"वाटत हुतं आन वाटत न्हवतंबी. म्हणून तर बघाय गेलतो. ठावं असतं तर पाटलाकडं गेलो असतो की सरळ."

"आणि बी? जत्रेत तुम्ही बी बघितलं. मी बघत हुतो."

"बघितलं. कळलं न्हाय." ते हसले. "माझं बी मला वळकता येईना. घरी नेलं, वाळवलं, तरी न्हाय कळलं. कच्चं म्हणावं तर कच्चं, आपलं म्हणावं तर आपलं."

"मग तुम्ही बोलला का न्हाई?"

"तू 'आमचीच' म्हणलास की." त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. "वेली तू मांडल्यास. तुला ठावं असणार. मग मी कशाला बोलू? भाचा खोटं बोलंल व्हय?" आणि तोंड माझ्याकडं वळवून, "तुला ठावं हुतं न्हवं?"

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. खोलीत आम्ही दोघंच. वडील तोवर वारले होते, कुणाचा फेटा उतरणार नव्हता. खरं सांगायला त्याहून चांगली वेळ नव्हती. पण मला वाटलं, आता 'ठावं न्हवतं' म्हटलं तर या माणसानं उगाच सगळं सोसलं असं होईल. की मला स्वतःला वाचवायचं होतं? मी त्यांच्यासाठी बोललो की माझ्यासाठी, याचाही मला पत्ता नाही.

"व्हय मामा," मी म्हणालो. "ठावं हुतं."

"मग झालं," ते म्हणाले. "भात दे."

काही वर्षांनी ते गेले. गाव त्यांना पावणंच म्हणत राहिलं आणि पाठीमागं ते दुसरं नाव.

लग्नाहून परत येताना त्यांच्या नातवानंच मला मोटारसायकलवरून कोल्हापूरला सोडलं. नदीच्या पुलावर मी त्याला थांबायला सांगितलं आणि हे सगळं सांगितलं. खाली वाळू नव्हती, ती कधीच उपसून नेली आहे. त्यानं हेल्मेट काढून नीट ऐकलं.

"म्हणजे आज्यानं चोरी केली न्हवती."

"न्हाय. बघाय गेलता."

"मग फळ कुणाचं हुतं?"

"ते मला ठावं न्हाय."

त्यानं हेल्मेट परत डोक्यावर चढवलं. "आजोबा, हे मला सांगून काय उपयोग? मला घरात ठावंच हाय. गावाला सांगा की."

म्हणून यंदा चैत्रात जत्रेला गेलो. कलिंगड आता वडगावच्या बाजारातून विकत आणतात, वजन कुणी करत नाही, पण कापून वाटायची रीत राहिली आहे. गुरवाचा मुलगा सुरा घेऊन बसला होता, तेव्हा मी उभा राहिलो आणि बोललो. आवाज फार लांब गेला नसावा. पोरं मोबाईलवर होती. पुढच्या चार-दोन म्हाताऱ्यांनी मात्र ऐकलं. मी सांगितलं की मामा वेलीचं बूड बघत होते, चोरत नव्हते, आणि तसं बघायला कारण होतं, कारण वेली मी नीट न बघता मांडल्या होत्या. आमच्या घराच्या नावानं जे बी गावात चाललं, ते आमचंच होतं असं मी सांगू शकत नाही. पाटलांनी मला विचारलं, तेव्हा मी माहीत नसताना माहीत आहे असं सांगितलं.

"आता ह्या वयात काय लावलंय, आबा?" एक जण हसून म्हणाला. "कलिंगड कवाच पचलं."

एका म्हातारीनं मात्र डोळे बारीक करून विचारलं, "आरं पर मग त्ये फळ कुणाचं हुतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

एवढंच त्या दिवशी वाळूत म्हणायचं होतं. किती सोपं होतं ते. तिनं मान हलवली आणि शेजारणीकडं वळून म्हणाली, "न्हाई त्याला ठावं. मग पावण्याला चोर कशापायी म्हणत हुते?" दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

मग फोडी वाटायला सुरुवात झाली. गुरवाच्या मुलानं मामांच्या नातवाला त्याच्या नावानं हाक मारली. माझ्या बोलण्यामुळं मारली की नेहमीच तशी मारतो, हे मी विचारलं नाही. नातवानं आपली फोड घेतली आणि माझीही आणून दिली. मी सवयीनं बी बघायला वाकलो. हल्ली बिनबियांची कलिंगडं येतात, हे मला माहीत नव्हतं.